बागा, एकवचन

"नाव शेवटी सांगायचं, हेमा. आधी जिभेचं काय झालं ते सांग."

दिगंबररावांचा आवाज हेमांगीच्या कानात असा अधूनमधून उठायचा, आणि नेमका हातात पेला असतानाच उठायचा. ते जाऊन तीन वर्षं होत आली होती. पण वाईन हातात घेतली की ते उजव्या खांद्यामागे उभे आहेत, आपण घाई करतो की काय ते बघताहेत, असं तिला वाटे. मग ती मुद्दाम सावकाश करी.

दिंडोरीजवळच्या वाईनरीत दर गुरुवारी झाकून चाखणं चाले. बाटल्यांना कापडी पिशव्या घातलेल्या, पेल्यांवर फक्त खडूची खूण. आत काय आहे ते न बघता द्राक्षाची जात ओळखायची. हेमांगी हे काम नवऱ्याच्या, दिगंबररावांच्याच हाताखाली शिकली होती, आणि साठीला आली तरी करत होती. गंमत अशी, की वाईनचा एक थेंबही तिच्या घशाखाली कधी उतरला नव्हता. घोट तोंडात घ्यायचा, फिरवायचा, शेजारच्या पितळी भांड्यात टाकायचा. माहेरी घेतलेला नेम वाईन करणाऱ्याच्या घरात पडूनही मोडला नव्हता. दिगंबरराव हसायचे, "देवाला नैवेद्य दाखवतात तशी तू वाईनला जीभ दाखवतेस."

"काकू, तिसऱ्या पेल्यापाशी थांबलात का?" उगले म्हणाला. भालचंद्र उगले आता वाईनरी बघायचा. माणूस चांगला, पण त्याला शांतता सोसायची नाही. "सोपाय तो. नेब्बिओलो. इटलीचा. मी तर नुसत्या वासावर लिहून मोकळा झालो."

हेमांगीने पेला पुन्हा नाकाशी नेला. वाळलेला गुलाब, डांबराची पुसट छटा. तिच्याही नाकात नेब्बिओलोच आला होता. त्यात आश्चर्य काही नव्हतं, कारण उगल्याचं आणि तिचं नाक आता एकच होतं.

ते असं. काही वर्षांपूर्वी जगभर जो ताप फिरला, त्यात माणसं गेली त्याहून कितीतरी जास्त नाकं गेली. बरे झालेल्यांना ना फोडणीचा वास येई, ना करपलेल्या दुधाचा. मग डॉक्टरांनी गंधतंतू काढला. नाकपुडीत तांदळाएवढा संवेदक बसतो आणि हवेतल्या रेणूंची मोजदाद करतो. ती जुळवली जाते गंधकोशाशी. गंधकोश म्हणजे ताप येण्याआधी धडधाकट नाकांच्या माणसांकडून गोळा केलेला वासांचा साठा. एकेक वास घेताना मेंदूत जी हालचाल झाली तिचा ठसा, आणि त्या ठशाचं नाव. यंत्र सर्वांत जवळचं नाव शोधतं आणि त्या नावाचा ठसा केसाहून बारीक तारेने मेंदूला पोचवतं. माणसाला वाटतं, वास आला.

पण जे कोशात नाही त्याचं काय? त्याला यंत्र जवळच्या नावात बसवून टाकतं. दगडफुलाला दालचिनी म्हणतं, बुक्क्याला उदबत्ती. आणि माणसं हळूहळू तेच खरं धरतात. वासावरून वाद होणं बंद झालं होतं. हेमांगीला त्या वादांचीच सगळ्यात जास्त आठवण येई. "आमसूल आहे," ती म्हणायची. "करवंद," दिगंबरराव म्हणायचे. "आमसूल हो!" "तुझ्या स्वयंपाकघरातला वास वाईनमध्ये घालू नकोस." अशाने संध्याकाळ जायची.

तिने घोट घेतला. डोळे मिटले.

तुरटपणा ही चव नसते आणि वासही नसतो. तो स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, त्यांची बारीक गुठळी होते, जिभेवरचं वंगण निघून जातं आणि जीभ कोरडी होऊन टाळ्याला घासते. हे कळायला नाक लागत नाही. शिवाय संवेदक नाकपुडीच्या तोंडाशी. तोंडातून मागच्या वाटेने चढणारा वास त्याला समजतच नाही. म्हणजे घोट तोंडात असेपर्यंत हेमांगी आणि तिची जीभ, दोघीच. मध्ये कोणी नाही.

नेब्बिओलो जिभेच्या मध्यावर पकडतो आणि सोडतो. हा पुढे आला. वरच्या ओठाच्या आत, हिरड्यांवर, हिरडा चघळल्यासारखा बसला, आणि हललाच नाही. मागून करकरीत आंबट धार.

तिने घोट भांड्यात टाकला, तोंड पुसलं, मग नाव सांगितलं.

"बागा."

"कोणाच्या बागा?" उगले म्हणाला, आणि स्वतःच हसला. "अच्छा, काकांचं ते पोर्तुगीज द्राक्ष. काकू, नाकात नेब्बिओलो येतोय की नाही?"

"नाकात येतोय रे. हिरड्यांना येत नाही."

उगल्याने पिशवी काढली. बाटली पोर्तुगालच्या बैराडा भागातली होती, ओदेत नावाच्या बाईंकडून आलेली. "झालं," तो म्हणाला, "आता या आनंदात चहा सांगू का?" त्याला मजा वाटली होती. हेमांगीने मात्र पेला अजून खाली ठेवला नव्हता. दिगंबररावांनी घरामागे लावलेल्या बागाच्या ओळी अजून उभ्या होत्या, पण ते गेल्यापासून ती द्राक्षं सगळ्यांबरोबर एकाच टाकीत जात. निव्वळ बागा तिच्या जिभेवर तीन वर्षांनी आला होता, आणि नाकाने त्याला ओळख दिली नव्हती.

दुपारी ओदेतबाईंचा फोन आला. तरुणपणी दिगंबरराव एक हंगाम त्यांच्याकडे राहून वाईन शिकले होते. डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटावर इथे कलम बांधलेल्या बागाच्या काड्या त्यांनीच दिलेल्या. दिगंबरराव त्यांना ताई म्हणत, म्हणून हेमांगीही म्हणे. पडद्यावर पांढऱ्या केसांची, लोकरी शाल घेतलेली बाई दिसत होती. त्या पोर्तुगीजमध्ये बोलत आणि भाषांतर करणारं यंत्र हेमांगीच्या कानात मराठी सांगे.

"हेमा, मला माझा मणी परत पाहिजे," यंत्र म्हणालं.

हेमांगी गोंधळली. "कसला मणी, ओदेतताई? मंगळसूत्राचा?"

पलीकडे त्याचं काय भाषांतर झालं कोण जाणे. ओदेतताई आधी बघत राहिल्या, मग खोकला येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी बाटली उचलून तिच्यावरच्या नावावर बोट ठेवलं. त्यांच्या भाषेत बागा म्हणजे फळाचा मणी. यंत्राने द्राक्षाच्या नावाचाच अर्थ सांगून टाकला होता.

"तुझ्या जिभेने ओळखला?" त्यांनी विचारलं.

"जिभेने. नाकात इटलीच आली."

"मलाही. मीसुद्धा तंतू बसवलाय. कोशवाले आमच्या गावात वास गोळा करायला यायचे होते, त्यांच्याआधी ताप आला. आता मी माझ्याच तळघरात परकी आहे. आंधळ्याने रांगोळी काढावी तशी वाईन करते." रांगोळी हा शब्द यंत्राने स्वतःच्या मनाने घातला असणार. "या हिवाळ्यात दोघा शेजाऱ्यांनी वेली उपटल्या. म्हणतात, इटलीचंच द्राक्ष लावू, वास तोच येतो, भावही बरा मिळतो. त्यांना काय म्हणू? वेगळा आहे म्हणून सांगते, पण दाखवता येत नाही." त्यांनी शाल सारखी केली. "दिगांबारने कोशासाठी वास दिले होते ना? त्यात हा असणारच. शोधशील? एकदा मला तो यावा. मग वेली राहतील की जातील ते बघू."

"शोधते, ताई."

"वचन दे."

हेमांगी सहसा वचन देत नसे. दिलं की ते नेमासारखं पाळावं लागतं. पण पडद्यावरच्या त्या म्हातारीचं नाक थंडीने लाल झालं होतं. "दिलं," ती म्हणाली.

दिगंबररावांनी कोशासाठी वास दिले ती थंडी तिला स्वच्छ आठवत होती. कपाळाला पट्टा बांधून ते संध्याकाळी ओसरीवर बसत. पुढ्यात पेला. वास घ्यायचे आणि यंत्राला सांगायचे. ती शेजारी वाती वळत बसे. आत आमटी उकळत असे. त्यानंतर ताप आला. तो त्यांना घेऊन गेला आणि जाता जाता तिचं नाकही.

पण मग त्यांनी दिलेला बागा कोशातून गेला कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ती घरामागे गेली. बागाच्या ओळींना रोज एक फेरी घालायची, हा तिचा नवा नेम होता. देवळात घालतात तशी, बोलायचं नाही, मध्ये थांबायचं नाही. या नेमातली एक गोष्ट तिने फारशी कोणाला सांगितली नव्हती. तंतू बसवल्यापासून बागेत तिला बागेचा वास येत नसे. ओली माती, पानं, गंधकाची भुकटी, यातलं काहीच नाही. यायचा तो दुसराच काहीतरी दाट, आंबूस, उबदार वास, ओळखीचा आणि तरी बिननावाचा. परगावी ओळखीचं माणूस भेटलं की चेहरा कळतो आणि नाव येत नाही, तसं होई. एकदा उगल्याला विचारलं होतं. त्यालाही तंतूच. तो म्हणाला, "बागेला असाच वास असतो की, काकू. पहिल्यापासून." त्याचं बालपण वेलींखाली गेलेलं, आणि तो असं म्हणाला. तेव्हा तिने दोष स्वतःच्या दुःखाला दिला. एकट्या बाईला काय काय भास होतात, त्यातलाच हा एक.

आज तिने वाटीत ओदेतताईंची थोडी वाईन आणली होती. ओळींच्या मधोमध ती थांबली, नेमात पहिल्यांदाच. घोट तोंडात घेतला. ओठाच्या आत हिरड्यांवर तो तुरटपणा येऊन बसला. मग तिने नाकाने बागेतली हवा आत ओढली.

दोन्ही एकमेकांत बसलं. पाट्यावर वरवंटा बसतो तसं.

करवंद. वाळलेलं तंबाखूचं पान. राळ. "आमसूल," ती मनात म्हणाली, "आमसूल हो." तोंड भरलेलं होतं म्हणून रडू दाबता आलं. घोट तिने वेलीच्या बुंध्याशी सोडला आणि तिथेच मातीत बसून राहिली. कोणी बघितलं असतं तर म्हातारी पडली म्हणून धावलं असतं. बघायला कोणी नव्हतं.

तिला आता मणी आठवला. भाषांतराच्या यंत्राला नाव आणि शब्द यांतला फरक कळला नव्हता. मग गंधकोशाच्या यंत्राला तरी कुठून कळणार?

नाशिकच्या घ्राण केंद्रातली रोहिणी कासलीवाल दर काही महिन्यांनी तंतू तपासायला घरी यायची. हेमांगीने तिला बोलावून घेतलं. ती दुपारी आली, ओसरीवर मांडी ठोकून बसली आणि यंत्र उघडलं.

"काकू, द्राक्षांच्या यादीत बागा नाहीच. मी परत परत शोधलं."

"द्राक्षांत नको शोधूस. जागांमध्ये शोध. बाग."

रोहिणीची बोटं थांबली. मग भराभर चालली. "अगंबाई," ती म्हणाली. "बाग, द्राक्षाची, नाशिक परिसर. ठसा देणारे दिगंबर बोरस्ते, दिंडोरी." तिने मान वर केली. "त्यांचा आवाज आहे नोंदीला. लावू?"

हेमांगीने मान हलवली. ओसरीवर दिगंबररावांचा घसा खाकरला. करवंद म्हणाले, तंबाखू म्हणाले, आणि अगदी शेवटी एकच शब्द: "बागा."

"यंत्राला वाटलं, बाग, अनेकवचन," रोहिणी म्हणाली. "म्हणून त्याने ते जागांच्या वासांत टाकलं. जागेचा ठसा पेल्यात शोधला जात नाही, माणूस त्या जागी उभा राहिला की लागतो. काकू, म्हणजे या भागातल्या तंतूवाल्या सगळ्या माणसांना बागेत काकांची वाईन येतेय! तंतू बसल्यापासून! आणि एकानेही तक्रार केली नाही."

"एकवचन आहे ते," हेमांगी हळूच म्हणाली. "मग आता काय करायचं?"

"सोपं आहे. नोंद द्राक्षांत हलवायची. मग जगात कोणीही बागाचा पेला उचलला की त्याला बागा येईल. तुमच्या ओदेतबाईंनासुद्धा. ठसा दिलेला माणूस हयात नसेल तर घरच्या माणसाने केंद्रात येऊन स्वतःच्या तोंडाने खरं नाव सांगावं लागतं, एवढंच. फक्त…" ती अडखळली. "जागेचा ठसा आम्ही आहे तसा ठेवतो. पदार्थाचा गाळून घेतो. म्हणजे त्या वेळी आजूबाजूला जे काही होतं ते काढून टाकतो, नुसतं द्राक्ष उरतं."

"आजूबाजूला म्हणजे?"

रोहिणीने पडदा तिच्याकडे वळवला. ठशाचे पदर वेगवेगळे करून दिसत होते. "हे द्राक्ष. हे लाकूड, पिंपाचं. ही आमटी असावी, चिंच-गुळाची. हा कापूस. आणि हे एक माणूस आहे. खोबरेल, कापूर, हाताला लागलेलं तूप." ती थबकली. "बाई आहे काकू. अगदी जवळ बसलेली."

स्वतःचा वास माणसाला कधी येत नाही. नाक त्याला लहानपणीच सरावतं आणि मोजेनासं होतं. तंतू बसल्यापासून हेमांगी बागेत ज्या उबदार, बिननावाच्या वासाभोवती फेरी घालत होती, त्यात ती स्वतः होती. दिगंबररावांच्या नाकाने घेतलेली. इतकी जवळ, इतकी स्पष्ट, की द्राक्षाच्या खालोखाल तीच. तोंडाने ते असलं कधी काही बोलले नव्हते. आमटीला मीठ कमी आहे, एवढं बोलायचे.

"गाळल्यावर हे कुठे ठेवत नाही का तुम्ही?"

"नाही ठेवत. दुसऱ्या माणसाचा वास साठवायची परवानगी नाही. आणि कोश एकच, सगळ्यांना मिळून. तुमच्या एकटीसाठी वेगळा काढता येत नाही. बागेत मग बागेचाच वास येईल, बाकी सगळीकडे येतो तो." रोहिणीने यंत्र मिटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी काही बघितलंच नाही असंही होऊ शकतं. तक्रार कोणाची नाहीये."

हेमांगीने तिच्याकडे बघितलं. पोरगी मनापासून बोलत होती.

"ओदेतताईंची आहे ग," ती म्हणाली. "चहा घेऊन जा. साखर घालू ना?"

संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावला. कापराची वडी हातात घेऊन बराच वेळ वास घेतला. सगळ्यांचा असतो तोच कापूर आला. मनात मात्र हिशेब चालला होता, आणि तो तिला आवडत नव्हता. ते लोक इतके लांब. त्यांची द्राक्षं गेली तर गेली. जगात कितीतरी द्राक्षं आहेत. आपल्याला ही एकच फेरी आहे. देवा, एवढं एक ठेवलं तर कोणाचं काय जातं? मग तिला तळघरात पेला नाकाशी धरून उभी असलेली ओदेतताई दिसू लागली, एकटीच, परक्या वासात. बाईला तळघर आहे, पिंपं आहेत, शाल आहे, आणि आपलं म्हणून काही नाही. ते कसं असतं हे हेमांगीला कोणी सांगायला नको होतं. आणि दिगंबररावांनी पट्टा बांधून दिलं होतं ते द्राक्षासाठी. बायको शेजारी बसली होती ती आपली बसली होती.

दिवा शांत झाला तशी ती उठली.

सकाळी पूजा झाल्यावर तिने फेरी घातली. एकच. आणखी एक घालावी असं पाय म्हणत होते, पण नेम असा मनाला वाटेल तसा वाढवायचा नसतो. थांबलीही नाही. मात्र शेवटच्या वेलीपाशी तिने श्वास असा ओढला की छातीत कळ आली.

मग घरात येऊन नऊवारी बदलली, बरं पातळ नेसली, पाण्याची बाटली भरली, डब्यात दोन दशम्या घेतल्या. कुलूप लावून ओढून बघितलं. फाटकाशी उगल्याची मोटारसायकल उभी राहिली.

"काकू, सकाळी सकाळी? कुठे स्वारी?"

"नाशिकला. केंद्रात."

"तंतू बिघडला का काय?"

"नाही रे. ओदेतताईंचं एक काम आहे. हो म्हणून बसले होते."

"मग बसा की मागे, फाट्यापर्यंत सोडतो. का बागेतून मधल्या वाटेने जाता? सावली आहे."

"नको," हेमांगी म्हणाली. "फाट्यापर्यंत रस्त्याने जाते चालत, पुढे एसटी आहे. तू जा पुढे."

तो गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती थांबली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उन्हातल्या डांबरी रस्त्याला लागली. केंद्रात आयत्या वेळी अडखळायला नको म्हणून चालता चालता ती ओठांतल्या ओठांत घोकत होती, जप करावा तसं, सावकाश: बागा. द्राक्षाचं नाव. एकवचन.